देवळालीचे गणितवेडे गुरुजी : द. रा. कापरेकर

विद्यार्थी मित्रांनो, आज आधी वही उघडा आणि एक गुणाकार मांडा. ११ गुणिले ११. आले ना १२१? आता १११ गुणिले १११ करा. येतात १२३२१. असाच एकेक १ वाढवत जा. नऊ एक मांडून १११११११११ ला त्याच संख्येने गुणलंत की उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. पायऱ्या चढल्या आणि उतरल्या! पाचवीच्या वर्गात हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं उठेनात.

ही संख्या डेम्लो संख्यांच्या कुटुंबातली. नाव परदेशी वाटतं ना? डी.एड.ला असताना मलाही तसंच वाटलं होतं. पण ते आलंय आपल्या डोंबिवली स्टेशनावरून! या संख्यांची कल्पना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना तिथे सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनाचंच नाव देऊन टाकलं.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. घरात आकडेमोड चालायची, तिचीच गोडी मुलाला लागली. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे १९२७ मध्ये गणितातल्या स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. हे परांजपे कोण, माहीत आहे? आपल्याच दापोलीजवळच्या मुर्डीचे! १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय.

कापरेकर पुढे शिकले नाहीत. बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. दिवसभर वर्ग, उरलेल्या वेळात संख्या.

आता ती सतरा अंकी संख्या पुन्हा बघा. ती उलटीकडून वाचली तरी तीच. ती संयुक्त संख्या आहे. मूळ अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. एवढ्या मोठ्या संख्येला नि:शेष भाग जाणाऱ्या संख्या फक्त ४५! अंकांची बेरीज करा, ८१ येते. आणि त्या ८१ ने मूळ संख्येला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणाऱ्या. पण दहा एक घेऊन बघा बरं. मधल्या रकान्यात दहा एक जमतात, हातचा येतो आणि जिना मोडतो.

याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. तेव्हाच्या मोठ्या गणितज्ञांनाही तसंच वाटत होतं. पदव्युत्तर पदवी नसलेल्या मास्तरांचे हे खेळ त्यांनी फारसे मनावर घेतले नाहीत. कापरेकरांचं बरंचसं लिखाण छोट्या मासिकांत आलं, काही त्यांनी स्वत:च पुस्तिका काढून छापलं. मास्तरांच्या पगारात छपाई करायची म्हणजे काय, हे मला महिनाअखेरीला चांगलं कळतं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. १९६६ मध्ये पत्नी वारल्या. संख्यांचं काम मात्र सुरूच होतं.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचे गुरुजी जगाला माहीत झाले. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं. १९८६ मध्ये देवळालीतच ते गेले.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध ६१७४ चा. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. गुरुजींचं जन्मसाल १९०५ घेऊन करून बघा. पहिली वजाबाकी मी सांगते : ९५१० वजा ०१५९, उरले ९३५१. पुढच्या सहा तुमच्या.