साने गुरुजी
पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (जन्म : २४ डिसेंबर १८९९, मृत्यू : ११ जून १९५०) हे मराठी लेखक, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक व समाजसेवक होते. ‘श्यामची आई’चे लेखक म्हणून ते घरोघरी पोहोचले, मात्र या लौकिकामुळे त्यांच्या कार्याचा दुसरा मोठा भाग काहीसा झाकोळला गेला आहे. मुलांना व तरुणांना सेवेच्या कामात सहभागी करून घेऊन नागरिक म्हणून घडवणे, हे काम त्यांनी अमळनेरच्या छात्रालयापासून राष्ट्र सेवा दलापर्यंत आयुष्यभर केले.

पूर्वायुष्य
गुरुजींचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड येथे झाला. घराणे खोतांचे असले तरी वैभव ओसरलेले होते. दापोली, औंध व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले आणि या काळात त्यांना दारिद्र्याचे चटके सोसावे लागले. आई यशोदाबाई १९१७ साली वारल्या. पुण्यातील शिक्षणानंतर गुरुजी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले. पण निव्वळ चिंतनाच्या त्या वातावरणात त्यांचे मन रमले नाही.

अमळनेरचे छात्रालय
१९२४ साली ते अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली ही मुले घरापासून प्रथमच दूर राहत होती. अव्यवस्थित मुलांना शिक्षा करण्याची तेव्हाची रीत गुरुजींनी अवलंबली नाही. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त कपड्यांच्या घड्या घालीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत. आजारी मुलाची शुश्रूषाही ते स्वतः करीत. आपली कामे गुरुजी करतात हे लक्षात आल्यावर मुले ओशाळली आणि हळूहळू त्यांनी झाडू हाती घेतला. स्वच्छता हा छात्रालयाचा नियम न राहता सर्वांनी वाटून घ्यायचे काम झाले.

या प्रयोगाला लेखणीची जोड होती. गुरुजी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. शाळेचे काम सांभाळून रोज मजकूर तयार करणे हे कष्टाचे काम होते. ते त्यांनी नेटाने चालवले. देशातील घडामोडी व थोरांची चरित्रे त्यांतून मुलांपर्यंत पोहोचत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले. १९३० साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत भाग घेण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. त्यांचे वर्गातील अध्यापन सहाच वर्षांचे. गुरुजी हे नाव मात्र कायमचे चिकटले.

तुरुंग आणि चळवळ
त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील सत्याग्रहींच्या सहवासात ते तमिळ शिकले. शेजारच्या प्रांताची भाषा आपल्याला परकी असावी, याची त्यांना खंत वाटली. त्यांच्या आंतरभारतीच्या कल्पनेचे मूळ या अनुभवात आहे. १९३२ साली धुळे तुरुंगात विनोबा भावे यांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली, तर ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले. त्यासाठी गुरुजींनी खानदेशात गावोगाव फिरून लोकांना कामाला लावले. १९३८ साली त्यांनी ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले व शेतकऱ्यांच्या सारामाफीसाठी चळवळ केली. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत होते. १९४३ साली त्यांना अटक झाली.

राष्ट्र सेवा दल
४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाचे काम नव्याने उभे राहिले. एस. एम. जोशी हे दलप्रमुख होते. गुरुजी दलाचे संस्थापक नव्हते, तरी सैनिकांचे ते स्फूर्तिस्थान होते. जात व धर्म न पाहता मुलेमुली सायंकाळी शाखेवर एकत्र येत. खेळ, कवायत, समूहगीते, चालू घडामोडींवर चर्चा आणि श्रमदान असा तेथील क्रम असे. वेगवेगळ्या जातींच्या मुलांनी एका रांगेत उभे राहणे, शिबिरात एका पंगतीत जेवणे, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. अनेकांना त्यासाठी घरातूनच विरोध सहन करावा लागे.

पंढरपूरचे उपोषण
या शिक्षणाची खरी कसोटी पंढरपुरात लागली. विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे यासाठी प्राणांतिक उपोषण करण्याचा निर्धार गुरुजींनी १९४६ च्या अखेरीस जाहीर केला. आधी लोकमत जागे करावे, अशी सहकाऱ्यांनी गळ घातल्याने उपोषण लांबणीवर पडले. पुढचे काही महिने त्यांनी महाराष्ट्राचा दौरा केला. सेवा दलाचे तरुण व कलापथके त्यांच्यासोबत होती. गाणी व भाषणांतून गावांना आवाहन केले जाई आणि अनेक ठिकाणी विहिरी व मंदिरे खुली होत. सनातन्यांचा विरोधही तितकाच तीव्र होता. या दौऱ्याचे महत्त्व उपोषणाहून कमी नाही; किंबहुना गावकऱ्यांशी समोरासमोर बोलण्याचा धडा तरुणांना तेथेच मिळाला.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. अपुऱ्या माहितीमुळे महात्मा गांधींनी तारेने ते थांबवण्यास सांगितले. गुरुजींनी नम्रपणे नकार दिला. गांधींना गुरुस्थानी मानणाऱ्या गुरुजींना तो निर्णय किती जड गेला असेल, याची कल्पना करता येते. अखेर दादासाहेब मावळंकर यांच्या मध्यस्थीने मार्ग निघाला व १० मे रोजी उपोषण सुटले.

अखेरची वर्षे
गांधीहत्येनंतर गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात व परस्परांचे जीवन समजून घ्यावे, असा तिचा आशय होता. ती साकार करण्यास त्यांना अवधी मिळाला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या परिस्थितीने ते व्यथित होते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले.

‘साधना’ साप्ताहिक पुढेही चालू राहिले. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील वडघर येथे साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक उभारण्यात आले असून तेथे विद्यार्थ्यांची व युवकांची शिबिरे भरतात.