नखांना रंग देणारा माणूस

आमच्या महिला मंडळाच्या ब्युटी पार्लरच्या वर्गात एक मुलगी येते. हात इतका हलका की बघत राहावं. परवा मात्र गप्प गप्प होती. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की घरी भाऊ चेष्टा करतो. दुसऱ्यांची नखं रंगवायची, हे काय काम झालं, असं त्याचं म्हणणं. मला माझ्या सासूबाईच आठवल्या. मेंदी चालायची, आलता चालायचा, पण लाल नेलपॉलिश दिसलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मी लग्नातली बाटली कपाटात तशीच वाळू दिली होती.

त्या मुलीला काही सांगावं म्हणून मी चार्ल्स रेव्हसन या माणसाबद्दल वाचायला घेतलं. नाव ओळखीचं नसेल, पण त्याची कंपनी आपल्याला ठाऊक आहे. रेव्हलॉन!

चार्ल्सचा जन्म १९०६ चा. पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेलं ज्यू कुटुंब, परिस्थिती बेताची. वडील सिगार वळायचे, म्हणजे आपल्याकडे बिड्या वळतात तसंच हातावरचं काम. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावात शाळा झाली आणि हा मुलगा न्यूयॉर्कला कापडाच्या धंद्यात नोकरीला लागला. आधी विक्री, मग कापडाची खरेदी. तिथे त्याची रंगाची नजर तयार झाली. काळ्या काळ्यातला फरकसुद्धा त्याला कळायचा म्हणे. साडीच्या दुकानात मॅचिंगसाठी आपण दहा ब्लाउजपीस उलटेपालटे करतो ना, ती दृष्टी त्याच्याकडे उपजतच होती.

पण १९३० च्या सुमाराला अमेरिकेत महामंदी आली. नोकरी गेली. दुसरं काहीबाही विकून पाहिलं, जमलं नाही. शेवटी भाऊ जोसेफसह एल्का नावाच्या छोट्या कंपनीचं नेलपॉलिश पार्लरमध्ये नेऊन विकू लागला.

आता त्या काळचं नेलपॉलिश कसं होतं ते सांगायला हवं. नखांना लावायच्या रंगाचा मुख्य पदार्थ नायट्रोसेल्युलोज, आणि तो होतो कशापासून, तर कापसापासून! कापसावर आम्लांची प्रक्रिया करायची. पहिल्या महायुद्धात हेच दारूगोळ्यात वापरलं गेलं, युद्धानंतर त्याचाच लवकर वाळणारा रंग मोटारींना मारायला लागले, आणि तिथून तो बायकांच्या बोटांवर आला. आहे ना गंमत? पण बाजारात मिळायचे ते बहुतेक रंग पातळ, आरपार दिसणारे, फिकट गुलाबी नाहीतर लालसर. बायका नखाच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोर आणि पुढचं टोक कोरं सोडून मधेच रंग लावायच्या. एल्काचा रंग मात्र दाट होता, नख पूर्ण झाकणारा. याच्यात पैसा आहे हे चार्ल्सनं ओळखलं. त्यानं देशभराची एजन्सी मागितली, कंपनीनं दिली नाही. मग काय, स्वतःच उभा राहिला.

१९३२ साल. मंदी अगदी टोकाला पोहोचलेली, आणि हे दोघे भाऊ तीनशे डॉलर घेऊन धंदा काढतात! तिसरा भागीदार चार्ल्स लॅकमन, त्याच्याकडे रंग बनवण्याची सोय होती. रेव्हसनमधला एस काढून लॅकमनचा एल घातला, झालं रेव्हलॉन. पहिल्या वर्षी जेमतेम चार हजार डॉलरची विक्री झाली.

तो दुकानदारांकडे गेलाच नाही आधी. पार्लरमध्ये काम करणाऱ्या मॅनिक्युअर करणाऱ्या मुलींकडे गेला. बाटल्यांची पेटी उघडायची, स्वतःच्या नखांवर रंग लावून दाखवायचा. हो, स्वतःच्या! नवीन शेड आली की ती आपल्याच नखांवर लावून बघायची सवय त्याला शेवटपर्यंत होती. त्या मुलींच्या हाताला रंग पसंत पडला की गिऱ्हाईक आपोआप यायचं. नवा फ्रॉक परवडत नव्हता, पण नखं रंगवून घेण्यापुरते पैसे पर्समध्ये निघायचे. माझ्या मते त्याचा सगळा धंदा या एका समजुतीवर उभा राहिला. तिला हौस आहे आणि पैसा कमी आहे, हे त्याला कळलं होतं. आता याला बायकांची कदर म्हणायची की त्यांच्या हौसेवर डोळा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे त्यानं ओठ आणि नखं एकाच रंगाची करायची फॅशन आणली. रंगांना नुसतं गडद, फिकट न म्हणता नावं दिली. १९५२ मध्ये फायर अँड आइस या लाल शेडची जाहिरात आली. रिचर्ड अॅव्हेडॉन या फोटोग्राफरनं काढलेला डोरियन लीचा फोटो, आणि शेजारी बायकांसाठी खट्याळ प्रश्नावली. अमेरिकाभर दुकानांच्या काचा त्या लाल रंगानं भरून गेल्या. (त्याच वर्षी इकडे मुंबईत टाटांनी लॅक्मे सुरू केली.)

माणूस म्हणून मात्र अवघड. हाताखालच्यांना रात्री-अपरात्री फोन, सगळ्यांसमोर पाणउतारा. चांगली चांगली माणसं सोडून गेली. धाकटा भाऊ मार्टिन तर कोर्टात गेला. तीन लग्नं केली, तिन्ही मोडली. १९५५ पासून टीव्हीवर रेव्हलॉननं चौसष्ट हजार डॉलरच्या प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम प्रायोजित केला आणि विक्री धो धो वाढली. त्यात जॉइस ब्रदर्स ही मानसशास्त्रज्ञ बाई आली, विषय निवडला मुष्टियुद्ध! कंपनीला ती पुढे जायला नको होती, म्हणून तिला मुद्दाम अवघड प्रश्न टाकले गेले, असं पुढे चौकशीत बाहेर आलं. पण बाई सगळी उत्तरं देऊन चौसष्ट हजार डॉलर जिंकून गेली. मला हा भाग वाचताना फार बरं वाटलं. त्या कार्यक्रमांतल्या बनवाबनवीवरून १९५९ मध्ये रेव्हसनला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली. आपल्याला काही ठाऊक नव्हतं, असं त्यानं सांगितलं.

सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातल्या दोन मोठ्या बायका, एलिझाबेथ आर्डेन आणि हेलेना रुबिनस्टाइन, त्याचं नावही घ्यायच्या नाहीत. आर्डेन नुसतं तो माणूस म्हणायची, रुबिनस्टाइन नखवाला. यानं काय करावं? पुरुषांसाठी सुगंध काढला आणि नावच ठेवलं दॅट मॅन! रुबिनस्टाइनबाई गेल्यावर पार्क अॅव्हेन्यूवरचं त्यांचं तीन मजली घरही विकत घेतलं.

१९७३ मध्ये नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या पैशानं अत्तर घेणाऱ्या मुलींसाठी चार्ली हा सुगंध आला. नाव त्याचंच. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९७५ मध्ये, कर्करोगानं तो गेला. पुढे कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली, २०२२ मध्ये दिवाळखोरीपर्यंत पोहोचली, मग सावरली.

तो गेला त्याच वर्षी व्हिएतनामचं युद्ध संपलं आणि निर्वासित अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळच्या छावणीत टिपी हेड्रन ही सिनेनटी मदतीला जायची. तिथल्या बायकांना तिची नखं फार आवडली. तिनं आपली मॅनिक्युअर करणारी बाईच तिथे नेली, वीस जणींना शिकवायला लावलं, मग ब्युटी स्कूलमध्ये घातलं. आज अमेरिकेतल्या नेल सलूनमध्ये काम करणाऱ्यांत व्हिएतनामी बायका फार मोठ्या संख्येनं आहेत. कितीतरी घरं त्यावर उभी राहिली.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. रेव्हसनच्या बोटीचं, घराचं कौतुक बाकीच्यांना वाटलं. आमच्या त्या मुलीनं मात्र विचारलं, की त्या वीस जणींचा कोर्स केवढा होता. काही आठवड्यांचाच, मी म्हटलं. आपला तर सहा महिन्यांचा आहे, असं म्हणून तिनं पुढच्या बाईचा हात हातात घेतला.