सहखेळाडू असावा तर असा!
(मॉरिस स्टोक्स यांचा अल्पपरिचय)

बास्केटबॉलचा सामना रंगात आला की आपले डोळे चेंडू बास्केटमध्ये टाकणाऱ्यावर खिळतात. कड्याला लागून परतणारा चेंडू उंच झेप घेऊन हस्तगत करणारा गडी मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. या कठीण कामात मॉरिस स्टोक्स हा एके काळी साऱ्या अमेरिकेत अग्रेसर होता.

त्याचा जन्म १७ जून १९३३ रोजी पिट्सबर्ग शहरानजीकच्या रँकिन या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला होते. पुढे सेंट फ्रान्सिस या लहानशा महाविद्यालयात तो खेळू लागला. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या स्पर्धेत त्याचा संघ चौथा आला. तरीही सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. त्याच वर्षी तो रॉयल्स या व्यावसायिक संघात दाखल झाला. पहिल्याच हंगामात तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि दुसऱ्या हंगामात त्याने परतणारे १,२५६ चेंडू हस्तगत करून तोवरचा उच्चांक मोडला.

१२ मार्च १९५८ रोजी मिनियापोलिस येथील सामन्यात तो तोल जाऊन पडला व त्याचे डोके जमिनीवर आदळले. काही वेळ तो बेशुद्ध होता. परंतु शुद्धीवर येताच पुन्हा मैदानात उतरला. तीन दिवसांनी डेट्रॉइट येथेही तो खेळला. त्या रात्री विमानातून परतताना त्याची प्रकृती एकाएकी ढासळली. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्याचे सर्वांग लुळे पडले व वाचाही गेली. बुद्धी व स्मृती मात्र शाबूत होती. वय अवघे २४ वर्षांचे!

त्या काळी व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडूंना निवृत्तिवेतन नव्हते. हंगाम संपला आणि सोबती आपापल्या गावी पांगले. रुग्णालयाचा खर्च मात्र दिवसेंदिवस वाढत होता. अशा वेळी जॅक ट्वायमन हा त्याचा सहखेळाडू पुढे आला. तो स्वतः केवळ २३ वर्षांचा, संसारी गृहस्थ आणि वर्णाने गोरा होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या शाळाही अद्याप बहुधा वेगळ्या होत्या, तो हा काळ. ट्वायमनने कायद्याने स्टोक्सचे पालकत्व स्वीकारले. त्याने खटपट करून कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली मदत मिळवली, शिवाय स्टोक्सच्या मदतीसाठी सामने भरवले. पुढे दरवर्षी उन्हाळ्यात असा सामना होऊ लागला आणि विल्ट चेंबरलेनसारखे नामांकित खेळाडू त्यात आवर्जून खेळत. या धडपडीत ट्वायमनचा स्वतःचा खेळ कोठेही मागे पडला नाही. १९५९-६० च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी ३१.२ गुण नोंदविले.

प्रारंभी दोघांचे संभाषण मोठे विलक्षण असे. ट्वायमन एकेक मुळाक्षर उच्चारी आणि हवे ते अक्षर येताच स्टोक्स पापणी मिटे. अशी अक्षरामागून अक्षर जोडून वाक्ये होत. कित्येक वर्षांच्या कष्टप्रद व्यायामानंतर स्टोक्सला थोडीफार हालचाल करता येऊ लागली. पण खेळणे त्याच्या नशिबी नव्हते. ६ एप्रिल १९७० रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. ही १२ वर्षे ट्वायमनने आपला शब्द पाळला.

२००४ मध्ये बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात स्टोक्सचे नाव कोरले गेले, तेव्हा तो सन्मान त्याच्या वतीने ट्वायमननेच स्वीकारला. २०१२ मध्ये ट्वायमनही निवर्तला. पुढच्याच वर्षापासून अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेने या दोघांच्या नावे सर्वोत्तम सहखेळाडूचे पारितोषिक सुरू केले. ते गुणांच्या हिशेबावर मिळत नाही. त्यासाठी खेळाडूच आपले मत देतात.

विद्यार्थी मित्रहो, सामन्यातील जयापजय चार दिवसांत विसरले जातात. मात्र पडलेल्या गड्याला हात देण्यासाठी कोण थांबला, हे कोणी विसरत नाही.