मेपेनचे मोती : लुडविग विंडथोर्स्ट



निवडणुका जवळ आल्या की आपल्या गावात उमेदवार येतात, हात जोडतात, घरोघरी फिरतात. निकाल लागला की त्यांच्यापैकी किती जण पुन्हा आपल्या आळीत दिसतात, आपले गाऱ्हाणे विधानसभेत किंवा लोकसभेत मांडतात, याचा हिशेब आपण मनातल्या मनात करत असतो. आपण अल्पसंख्य आहोत, आपल्या मूठभर मतांना कोण विचारतो, असेही आपल्यातले काही जण बोलून दाखवतात. म्हणूनच या रविवारी आम्ही एका जर्मन प्रापंचिकाची जीवनकथा आपल्यापुढे ठेवत आहोत. ते धर्मगुरू नव्हते, संतही नव्हते. वकील, न्यायाधीश, संसारी गृहस्थ आणि लोकप्रतिनिधी एवढीच त्यांची ओळख. पण एका गरीब, आडबाजूच्या मतदारसंघाने त्यांना सतत चोवीस वर्षे संसदेत पाठवले आणि तिथून त्यांनी युरोपातल्या सर्वांत बलाढ्य पंतप्रधानाला तोंड दिले. त्यांचे नाव लुडविग विंडथोर्स्ट.

बालपण आणि शिक्षण

विंडथोर्स्ट यांचा जन्म १७ जानेवारी १८१२ रोजी उत्तर जर्मनीतील ओस्नाब्रूक शहराजवळच्या ओस्टरकापेल्न या गावी झाला. घराण्यात वकिलीची परंपरा होती. लुडविग दहा वर्षांचे असताना वडील वारले आणि संसाराचा भार आईवर पडला. ओस्नाब्रूकच्या कारोलिनुम विद्यालयात शिक्षण झाल्यावर त्यांनी ग्योटिंगेन आणि हायडेलबर्ग येथे कायद्याचा अभ्यास केला आणि ओस्नाब्रूकमध्ये वकिली सुरू केली. १८३८ साली युली एंगेलेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे पोटच्या मुलांच्या मृत्यूचे दुःखही या दांपत्याला सोसावे लागले.

निसर्गाने त्यांना देखणेपण दिले नव्हते. ते अतिशय ठेंगणे, डोके शरीराच्या मानाने मोठे, तोंड रुंद आणि नजर लहानपणापासून अधू. उतारवयात तर त्यांना वाचताही येईनासे झाले. दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचे, मनात साठवायचे आणि कागद हाती न घेता तासन्‌तास मुद्देसूद बोलायचे, अशी त्यांची रीत होती.

त्या काळी जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते. अनेक लहानमोठी राज्ये होती. विंडथोर्स्ट यांचे हॅनोव्हर हे राज्य प्रॉटेस्टंट राजाचे, तेथे कॅथलिक अल्पसंख्य. अशा राज्यात १८५१ मध्ये ते कायदामंत्री झाले. हॅनोव्हरमध्ये मंत्रिपद मिळवणारे ते पहिले कॅथलिक. १८६२ मध्ये त्यांना हे पद दुसऱ्यांदा मिळाले. ओस्नाब्रूक धर्मप्रांताला पुन्हा स्वतःचे महागुरू मिळावेत यासाठीही त्यांनी प्रयत्न केले आणि १८५७ मध्ये ते सफल झाले.

मेपेनची माणसे

१८६६ च्या युद्धात प्रशियाने हॅनोव्हरचे राज्य गिळंकृत केले. राजा परागंदा झाला. विंडथोर्स्ट तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. घरी बसून निवृत्तिवेतनावर जगले असते तरी कुणी नावे ठेवली नसती. पण १८६७ मध्ये नव्या उत्तर जर्मन संसदेची निवडणूक आली आणि मेपेन, लिंगेन व बेंटहाइम या भागाच्या मतदारसंघाने त्यांना निवडून दिले.

हा मतदारसंघ कसा होता हे समजून घेतले पाहिजे. हॉलंडच्या सरहद्दीला लागून, एम्स नदीच्या काठाने पसरलेला हा प्रदेश. मैलोगणती दलदल आणि माळरान. दलदलीतली काळी माती कापून, वाळवून लोक सरपण म्हणून विकत. जमीन जाळून तिच्या राखेत कुट्टूचे पीक घेत. तेवढ्यावर भागत नसे म्हणून उन्हाळ्यात शेकडो पुरुष गवत कापायला आणि माती खणायला पायी हॉलंडला जात. पन्नास-साठ वर्षांत या लोकांनी म्युन्स्टरचे महागुरू, आरेनबर्गचे सरदार, नेपोलियनचे फ्रेंच, हॅनोव्हरचा राजा आणि शेवटी प्रशिया एवढे राज्यकर्ते पाहिले. राजे बदलले तरी एम्सकाठचा कॅथलिक शेतकरी आपल्या चर्चला धरून राहिला. मात्र त्याच मतदारसंघातल्या बेंटहाइम भागात कॅल्विनपंथी प्रॉटेस्टंटांची मोठी वस्ती होती. विंडथोर्स्ट त्यांचेही प्रतिनिधी होते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या.

१८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झाले. राइशटाग या संसदेसाठी प्रथम ३८२ आणि १८७४ पासून ३९७ मतदारसंघ होते. प्रत्येक मतदारसंघातून एकच सभासद. पंचवीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला मत होते, श्रीमंत असो वा मजूर. स्त्रियांना मात्र १९१८ पर्यंत मताधिकार मिळाला नाही. निम्म्याहून अधिक मते कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत फेरनिवडणूक होई. कायद्याने मतदान गुप्त होते. निवडून आलेल्यांना १९०६ पर्यंत पगार नव्हता. प्रशियाच्या विधानसभेचे नियम वेगळे होते. तेथे कराच्या रकमेवरून मतदारांचे तीन वर्ग पाडलेले आणि मत सर्वांसमक्ष तोंडाने सांगावे लागे. विंडथोर्स्ट दोन्ही सभागृहांत मेपेनचेच प्रतिनिधी होते.

छळाचा काळ

नव्या साम्राज्यात कॅथलिकांची संख्या साधारण एक तृतीयांश होती. आपल्या हक्कांचे रक्षण व्हावे म्हणून त्यांनी १८७० च्या डिसेंबरात सेंटर पक्ष उभा केला. पंतप्रधान बिस्मार्कला हा पक्ष साम्राज्याचा वैरी वाटला. मग सुरू झाला तो कुल्टुरकाम्फ, म्हणजे संस्कृतीच्या नावाने चाललेला चर्चविरोधी लढा. १८७१ मध्ये प्रवचनात सरकारी कारभारावर बोलणाऱ्या धर्मगुरूला तुरुंगात टाकण्याचा कायदा झाला. १८७२ मध्ये शाळांवरची देखरेख चर्चकडून काढून घेतली आणि येशूसंघावर बंदी आली. १८७३ पासून धर्मगुरूंचे शिक्षण व नेमणूक सरकारी परवानगीच्या दावणीला बांधली गेली. १८७५ मध्ये चर्चला मिळणारे अनुदान रोखले, आजाऱ्यांची सेवा करणारे संघ वगळता इतर संन्यस्त संघांना प्रशियाबाहेर घालवले. महागुरूंना अटक झाली, काही परदेशी आश्रयाला गेले. पूर्वी ओस्नाब्रूकचे महागुरू असलेले आणि नंतर कोलोनचे आर्चबिशप झालेले मेल्खर्स १८७४ मध्ये तुरुंगात होते. प्रशियातले सुमारे एक हजार धर्मग्राम धर्मगुरूविना राहिले. मेपेन ज्या ओस्नाब्रूक धर्मप्रांतात येते, तेथील महागुरू १८७८ मध्ये वारले आणि १८८२ पर्यंत ती गादी रिकामीच राहिली.

या घडामोडींचा आपल्याशीही थोडा संबंध आहे. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये सुरू केले ते जर्मन येशूसंघीयांनीच. १८७२ च्या कायद्यानंतर त्यांची मायदेशातील घरे बंद झाली आणि त्यांच्या तरुण उमेदवारांना हॉलंड व इंग्लंडमध्ये राहून शिक्षण घ्यावे लागले. आपल्या भागात शिकवायला आणि सुवार्ता सांगायला आलेल्या त्या फादरांपैकी अनेकांना स्वतःच्या देशात मठ उरला नव्हता.

बिस्मार्कने १८७२ च्या जानेवारीत सभागृहात विंडथोर्स्ट यांच्यावर नाव घेऊन हल्ला केला आणि हा माणूस पक्षाला शोभत नाही असे सुचवले. पक्षात फूट पडावी हा हेतू होता. पण त्यांचे सहकारी हेर्मान फोन मालिनक्रोट यांनी तिथल्या तिथे उठून उत्तर दिले, की मेपेनचे सभासद हे एक मोती आहेत आणि तो मोती आम्ही योग्य कोंदणात बसवला आहे. तेव्हापासून मेपेनचे मोती हे नाव त्यांना कायमचे चिकटले. १८७४ मध्ये मालिनक्रोट वारले आणि पक्षाची धुरा विंडथोर्स्ट यांच्यावर आली.

या लढ्यात त्यांनी दंगल माजवली नाही, लोकांना हाणामारीला चिथावले नाही. प्रत्येक विधेयक कलमवार तपासायचे, चुकीवर बोट ठेवायचे, प्रश्न विचारायचे, मतदान घ्यायला लावायचे, हरले तर पुढच्या अधिवेशनात तोच ठराव पुन्हा आणायचा, हा त्यांचा मार्ग. त्यांचा एक ठराव तर अगदी साधा होता. मिस्सा अर्पण केल्याबद्दल आणि संस्कार दिल्याबद्दल कोणत्याही धर्मगुरूला शिक्षा होऊ नये. शेजारच्या गावात मरणासन्न माणसाला अभ्यंग देणारा धर्मगुरू गुन्हेगार ठरत होता, तेव्हाची ही मागणी. ती फेटाळली गेली. त्यांनी ती पुन्हा मांडली. दरम्यान लोकांनीही साथ दिली. १८७१ मध्ये सेंटर पक्षाचे साठहून अधिक सभासद होते, १८७४ मध्ये ते नव्वदच्या वर गेले. कायदे जसे कडक झाले तशी मते वाढली.

दुसऱ्यांचा हक्क

विंडथोर्स्ट यांचे खरे मोठेपण आम्हांला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. छळ झालेला माणूस पुष्कळदा फक्त आपल्यापुरता न्याय मागतो. विंडथोर्स्ट यांनी तसे केले नाही. १८७८ मध्ये बिस्मार्कने समाजवाद्यांच्या संघटना आणि वृत्तपत्रे बंद करणारा कायदा आणला. समाजवादी हे चर्चचे मित्र नव्हते. तरीही विंडथोर्स्ट यांनी त्या कायद्याला विरोध केला, कारण आज एका गटाविरुद्ध जो विशेष कायदा होतो तो उद्या दुसऱ्यावर वापरता येतो, हे त्यांनी सोसून पाहिले होते. पोलिश लोकांच्या भाषेसाठीही ते उभे राहिले.

१८८० साली ज्यूंचे नागरी हक्क कमी करावेत अशी चळवळ बर्लिनमध्ये जोरात होती. प्रशियाच्या विधानसभेत त्यावर चर्चा झाली. सेंटर पक्षातलेही काही सभासद ज्यूंविरुद्ध बोलले. विंडथोर्स्ट यांनी मात्र स्पष्ट सांगितले की कॅथलिकांसाठी आपण जो हक्क मागतो तोच प्रॉटेस्टंटांना आणि ज्यूंनाही मिळाला पाहिजे. आपल्याच माणसांना आवर घालणे हे विरोधकाशी भांडण्यापेक्षा कठीण असते. त्यांनी ते केले. पुढे पन्नास वर्षांनी त्याच देशात ज्यूंचे काय झाले हे आठवले की त्यांच्या त्या भूमिकेचे मोल कळते.

पोप आणि मतदार

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड वेळ शत्रूने नव्हे तर आपल्याच माणसांनी आणली. १८७८ मध्ये तेरावे लिओ पोप झाले आणि बर्लिन व रोम यांच्यात समेटाची बोलणी सुरू झाली. १८८७ मध्ये बिस्मार्कला सात वर्षांसाठी सैन्याचा खर्च एकदम मंजूर करून हवा होता. सेंटर पक्षाने त्याला पाठिंबा द्यावा, म्हणजे चर्चला सवलती मिळतील, अशी इच्छा रोमहून पत्राने कळवण्यात आली. विंडथोर्स्ट आणि त्यांचे सहकारी तयार नव्हते. सैन्याचा खर्च हा श्रद्धेचा विषय नाही, त्याबाबत मतदारांशी बांधील राहूनच निर्णय घेतला पाहिजे, असे त्यांचे मत. फेब्रुवारीत ते कोलोनच्या सभेला निघाले असतानाच ते पत्र बिस्मार्कच्या बाजूने वृत्तपत्रांत फोडले गेले. पंचाहत्तरीचा, जवळजवळ आंधळा झालेला हा म्हातारा सभेत उभा राहिला. पोपमहोदयांविषयी त्यांनी अनादराचा एकही शब्द काढला नाही. आमच्यावर त्यांचा विश्वास आहे याबद्दल आभार मानले आणि त्याच वेळी सांसारिक कारभारात पक्ष आपला निर्णय स्वतः घेईल हेही ठामपणे सांगितले. त्या महिन्याच्या निवडणुकीत पक्ष आपल्या जागा राखून परत आला.

१८८६ आणि १८८७ च्या कायद्यांनी छळाचा बराचसा भाग संपला. धर्मगुरूंना देशाबाहेर घालवण्याचा कायदा १८९० मध्ये रद्द झाला. येशूसंघावरची बंदी मात्र १९१७ पर्यंत पूर्णपणे उठली नाही.

अखेर

१८९० च्या मार्चमध्ये नियतीने एक विलक्षण प्रसंग घडवला. तरुण सम्राटाशी बिनसलेल्या बिस्मार्कला संसदेत आधार हवा होता, आणि त्याने ज्यांना वीस वर्षे वैरी मानले त्या विंडथोर्स्ट यांनाच भेटीला बोलावले. आपल्याला न विचारता ही भेट झाली म्हणून सम्राट संतापला. त्यांच्यातल्या वादाला हेही एक निमित्त झाले आणि १८ मार्चला बिस्मार्कने राजीनामा दिला. विंडथोर्स्ट यांनी त्याचा विजयोत्सव केला नाही. त्याच वर्षी सामान्य कॅथलिक कामगार-शेतकऱ्यांना सामाजिक शिक्षण देणारा लोकसंघ त्यांनी स्थापन केला.

१४ मार्च १८९१ रोजी बर्लिनमध्ये न्युमोनियाने त्यांचे निधन झाले. मेपेनचे सभासद म्हणूनच ते गेले. हॅनोव्हरमध्ये लोकांच्या देणग्यांतून त्यांनी पवित्र मरियेचे चर्च उभे करवले होते. त्याच चर्चमध्ये त्यांना मातीआड करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात ते चर्च बॉम्बने उद्ध्वस्त झाले, पुढे पुन्हा बांधले गेले आणि त्यांची कबर आजही तेथे आहे. मेपेनच्या एका विद्यालयाला त्यांचे नाव आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थायिक झालेल्या जर्मन कॅथलिकांनी आपल्या गावालाच विंडथोर्स्ट हे नाव दिले. आज जर्मन संसदेसाठी २९९ मतदारसंघ आहेत आणि मेपेन, लिंगेन व बेंटहाइम हा भाग मिटेलएम्स नावाच्या मतदारसंघात एकत्र नांदतो आहे.

बंधुभगिनींनो, दलदलीतली माती कापणाऱ्या त्या शेतकऱ्यांपाशी पैसा नव्हता, सत्ता नव्हती. त्यांच्यापाशी एक मत होते आणि ते त्यांनी चोवीस वर्षे योग्य माणसाच्या पदरात टाकले. त्या माणसानेही आपल्या लोकांसाठी जे मागितले ते शेजाऱ्यालाही मिळावे असा आग्रह धरला. आपण जेव्हा आपल्या चर्चसाठी, शाळेसाठी, दफनभूमीसाठी हक्क मागतो, तेव्हा शेजारच्या आळीतल्या दुसऱ्या धर्माच्या माणसावर अन्याय झाला तर आपण तोंड उघडतो का, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला आणि उत्तर देताना आमची मान खाली गेली. येत्या निवडणुकीत मतदानाला जाण्यापूर्वी आपणही तो स्वतःला विचारावा. आपले लोकप्रतिनिधी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, न्यायबुद्धीने वागावेत म्हणून आजच्या मिस्सात आपण प्रभूकडे प्रार्थना करू या.