ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

उपवासकाळ जवळ आला म्हणजे गांवोगांवच्या प्रचारकांस एक चिंता लागते. सहा रविवारीं मंडळीपुढें काय ठेवावें, कोणत्या क्रमानें ठेवावें, आणि अक्षरओळख नसलेल्या श्रोत्याच्या मनांत तें कसें उतरावें? एकच उपदेश फिरवून फिरवून केला तर ऐकणारे कंटाळतात. दर वेळीं निराळाच विषय घेतला तर कांहींच ध्यानांत राहत नाहीं. हा प्रश्न नवा नव्हे. ज्या एका परदेशी सेवकानें तो चारशें वर्षांपूर्वीं मराठी भाषेंत सोडविला, त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. त्यांचे वडील लंडन शहरीं व्यापार करीत. सन १५७५ मध्यें रोम येथें ते येशूसंघांत दाखल झाले, आणि १५७९ च्या एप्रिल महिन्यांत लिस्बन बंदरांतून गलबतांत बसून त्याच वर्षाच्या २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोंचले. हिंदुस्थानांत येऊन वस्ती केलेले ते पहिले ज्ञात इंग्रज होत. पुढें मरेपर्यंत, सुमारे चाळीस वर्षें, त्यांनीं मुख्यतः गोव्याच्या साष्टी प्रांतांत सेवा केली.

तेथील लोकांचें दुःख खोल होतें. पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं होतीं आणि लोकांचीं जुनीं पुराणें त्यांच्यापासून हिरावून घेतलीं होतीं. ही जबरदस्ती ख्रिस्ताच्या मार्गास धरून नव्हती, हें सांगणें आपलें कर्तव्य आहे. बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या हातीं प्रश्नोत्तरांचें लहानसें पुस्तक आलें खरें, पण संध्याकाळीं ओट्यावर बसून गावें, ऐकावें, मुलांस सांगावें असें त्यांजवळ कांहीं उरलें नाहीं. एका रविवारीं धर्मशिक्षण चाललें असतां एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थानें हीच उणीव फादरांपुढें मांडली, आणि जुन्या पुराणांच्या जागीं नवें पुराण मागितलें. ही हकीकत ग्रंथाच्या आरंभींच आली आहे.

फादरांनीं ती मागणी हलकी मानली नाहीं. ते कोंकणी शिकले, मराठी शिकले. त्यांनीं रचिलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या मागें, १६४० सालीं, रायतूर येथें छापून निघालें. देशी अक्षरांचे खिळे पाडून ग्रंथ छापावा अशी त्यांची फार इच्छा होती. त्याविषयीं त्यांनीं १६०८ सालीं रोमला आपल्या वरिष्ठांस पत्र लिहिलें. योग असा कीं, त्याच १६०८ सालीं आजच्या जालना जिल्ह्यांतील जांब गांवीं रामनवमीच्या दिवशीं समर्थ रामदास जन्मले. त्यांच्यामुळेंच त्या गांवास जांब समर्थ म्हणतात.

खिळ्यांची इच्छा पुरी झाली नाहीं. तथापि अक्षरांवांचून काम अडवून न ठेवतां त्यांनीं १६१६ सालीं पुराण रोमन लिपींत छापविलें. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याचे दोन भाग: पहिल्यांत ३६ अध्याय, दुसऱ्यांत ५९. १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हां छापला गेला. स्वतः फादर १६१९ सालीं गोव्यांत मरण पावले. पुढें अमेरिकन मराठी मिशनाचे जस्टिन ॲबट ह्यांस त्याचें देवनागरी हस्तलिखित लंडन येथें आढळलें. ती वार्ता १९२३ सालीं प्रसिद्ध झाली. समर्थांचें महिपतिकृत चरित्र इंग्रजींत आणणारे ॲबटसाहेब तेच.

फादर स्टीफन्स रोमन मंडळीचे. कित्येक बाबतींत त्यांची व आपली समजूत एक नाहीं. परंतु त्यांच्या ग्रंथाची मांडणी प्रत्येक प्रचारकानें ध्यानांत घ्यावी. ते वधस्तंभापासून आरंभ करीत नाहींत. सृष्टि, मनुष्याचें पतन, देवाचें अभिवचन आणि संदेष्ट्यांची वाट पाहणें, ह्यांस त्यांनीं पूर्ण पहिला भाग दिला आहे. तारणाऱ्याची गरज श्रोत्यास कळल्यावर मग ते बेथलेहेमास जातात. तहान लागण्यापूर्वीं पाणी पुढें केलें तर तें सांडतें.

तोच क्रम आपल्या सहा रविवारांस सहज लागू पडतो. पहिल्या रविवारीं सृष्टि, दुसऱ्या रविवारीं पतन, तिसऱ्या रविवारीं अभिवचन व संदेष्टे. चौथ्या रविवारीं प्रभूचा जन्म, पांचव्या रविवारीं त्याची सेवा, आणि झावळ्यांच्या रविवारीं यरुशलेमेंतील प्रवेश. मग उत्तम शुक्रवारीं वधस्तंभ, आणि सणाच्या पहाटे उघडी कबर. प्रत्येक रविवारीं मागील कथा एका मुलाकडून वदवून घ्यावी, आणि पुढील कथेच्या उंबरठ्यावर थांबावें.

आपल्या खेड्यांतील लोकांस क्रमानें ऐकण्याची संवय नाहीं असें कोणी म्हणूं नये. उपवासकाळाच्या आगेमागेंच रामनवमी येते, आणि तेव्हां कथाकीर्तनास लोक रात्रीमागून रात्र येऊन बसतात. त्यांचे कान तयार आहेत. जो परदेशी माणूस परक्या भाषेच्या अकरा हजार ओव्या रचूं शकला, त्याच्यापुढें आपल्या मातृभाषेंत सहा कथा नीट तयार करणें हें आपणांस जड कां वाटावें? बंधूंनो, राखेच्या बुधवारची वाट न पाहतां आजच कागद घ्या, आणि सहाही रविवारांचा क्रम लिहून काढा.