दादासाहेब फाळक्यांचा कारखाना

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की आपण नाशिककर त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून वंदन करतो आणि मोकळे होतो. मला मात्र ह्या माणसातला शिक्षक अधिक मोठा वाटतो. त्याने कधी वर्ग भरवला नाही की कुणाला प्रमाणपत्र दिले नाही. काम करता करता त्याने माणसे तयार केली.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय थाटला. पण प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे ते छपाईच्या धंद्यात शिरले, त्यासाठी 1909 साली जर्मनीलाही जाऊन आले. भागीदारांशी पटेना, म्हणून तोही धंदा सोडला. चाळिशी उलटलेला, संसारी, हाती पैसा नसलेला हा गृहस्थ ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहतो काय आणि आपणही असे काही करावे म्हणून झपाटून जातो काय!

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून 1912 साली ते लंडनला गेले. तेथे त्यांची ओळखदेख कुणाशीच नव्हती. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. केबर्न यांनी त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले आणि हेपवर्थ यांनी ह्या परक्या माणसाला आपल्या स्टुडिओतील सारे विभाग मोकळेपणाने दाखवले. धंद्यातली विद्या सहसा कोणी उघडी करीत नाही. ती इथे मागताच मिळाली, आणि फाळक्यांनी ती आपल्यापाशीच दडवून ठेवली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

परतल्यावर दादरचे त्यांचे घर हाच कारखाना झाला. पहिल्या विद्यार्थिनी पत्नी सरस्वतीबाई. कोऱ्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडणे, रसायनांत ती धुणे ही कामे त्या शिकल्या. शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याच गळ्यात. त्र्यंबक तेलंग यांना फाळक्यांनी कॅमेरा चालवायला शिकवले. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी लुगडे नेसवून उभे केले. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नावे ठेवीत, म्हणून नटमंडळींना आम्ही फॅक्टरीत आहोत असे सांगावे लागे. एका अर्थी ते खरेच होते. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या आणि पुढे तेच स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहिले.

1913 साली फाळके नाशिकला आले. इथल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. 1918 मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पुढच्याच वर्षी ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांच्या छोट्या मंदाकिनीने कृष्ण रंगवला. परंतु शिकवण्यात रमणाऱ्या ह्या माणसाचे हिशेबाच्या लोकांशी जमले नाही. मतभेद झाले, ते कंपनी सोडून काशीला गेले, परतही आले. बोलपट आल्यावर काळ बदलला. कोल्हापुरात काढलेला ‘गंगावतरण’ 1937 साली आला, तो त्यांचा अखेरचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टीला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार 1969 सालापासून सुरू झाला.

त्यांचे बहुतेक चित्रपट आज नष्ट झाले आहेत; ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला आहे. फिल्म जळते, कुजते. हाताने हाताला दिलेले कसब मात्र पुढच्या हातात जाते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जुना कामगार नव्याला यंत्राजवळ उभा करून शिकवतो, तेव्हा मला फाळक्यांच्या त्या दादरच्या घराची आठवण होते. आम्ही विद्यार्थी गुणपत्रिकेला शिक्षण समजतो. शेजारी उभे राहून शिकवणाऱ्या माणसाचेही ऋण मानायला फाळक्यांच्या चरित्रातून शिकावे, असे मला मनापासून वाटते.