आत्महत्येचे मोजमाप करणारे दुर्खीम

आत्महत्या ही माणसाची सर्वांत खासगी कृती. तरीही एखाद्या देशातील तिचे वार्षिक प्रमाण फारसे का बदलत नाही? या प्रश्नाने एमिल दुर्खीम यांना पछाडले होते. १५ एप्रिल १८५८ रोजी फ्रान्समधील एपिनाल येथे रब्बींच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. वाडवडिलांची वाट सोडून ते पॅरिसला शिकायला गेले. तेथील त्यांचे जिवलग मित्र व्हिक्टर ओमे १८८६ साली खिडकीतून पडून मरण पावले. तो अपघात की आत्मघात, याची चर्चा चरित्रकारांनी पुष्कळ केली आहे. मित्राचा मृत्युलेख दुर्खीम यांनीच लिहिला.

१८८७ पासून ते बोर्दो विद्यापीठात शिकवीत होते. 'आत्महत्या' हा त्यांचा ग्रंथ तेथूनच १८९७ मध्ये आला. त्यासाठी भाचे मार्सेल मोस यांनी सुमारे २६ हजार नोंदी वय, लिंग, विवाह आणि अपत्ये यांनुसार लावून दिल्या. न्याय मंत्रालयाचे हे दप्तर खुले करून देणारे गाब्रिएल तार्द हे वैचारिक प्रतिस्पर्धी. आणि ग्रंथात दुर्खीम यांनी त्यांच्याच अनुकरणाच्या सिद्धांतावर कठोर टीका केली! समाजाशी असलेले बंध सैल पडले की आत्महत्या वाढतात, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष.

क्षणिक आवेग त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. मनोरुग्णांच्या आत्महत्यांचे चार प्रकार नोंदवताना, विनाकारण व अकस्मात उसळणाऱ्या प्रेरणेचा प्रकार त्यांनी वेगळा मांडला. पण त्यावरून समाजातील प्रमाणाचा उलगडा होत नाही, म्हणून बाजूला सारला. समाजशास्त्र उभे करण्यासाठी ते आवश्यक होते. मात्र एकट्या माणसाचा तो निसटता क्षण त्यामुळे अभ्यासाबाहेर राहिला. तो मोजण्याचा प्रयत्न पुढे मानसशास्त्रज्ञांनी केला. अर्नेस्ट बॅरट यांनी १९५९ मध्ये आवेगशीलतेची प्रश्नावली मांडली; तिच्या १९९५ च्या आवृत्तीत ३० विधाने आहेत. तरीही अडचण उरतेच. उतावळा स्वभाव आणि उतावळेपणी केलेला प्रयत्न यांचा संबंध वाटतो तितका घट्ट नाही, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले. एरवी शांत असणारी व्यक्तीही एखाद्या घडीला तोल गमावू शकते.

१९०२ मध्ये दुर्खीम सॉरबोनला गेले. डिसेंबर १९१५ मध्ये पुत्र आंद्रे बाल्कन आघाडीवर कामी आला. त्या आघातातून ते सावरले नाहीत. १५ नोव्हेंबर १९१७ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा नीतिशास्त्रावरील नियोजित ग्रंथाची केवळ प्रस्तावना लिहून झाली होती.